घोरण्यासाठी दातांचे डॉक्टर

आज ह्यांना घेऊन डेंटिस्टकडे गेले. दात ठणठणीत आहेत हो, घोरण्यासाठी! स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेच्या तपासणीत, एएचआय १८ आला, म्हणजे झोपेत तासाला सरासरी १८ वेळा श्वास अडतो किंवा उथळ होतो. १५ ते ३० म्हणजे मध्यम अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडण्याचा आजार). सीपॅपचा (हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणाऱ्या यंत्राचा) मास्क ह्यांना काही झेपला नाही, म्हणून हे दातांवर बसवायचं उपकरण: वर-खाली दोन पारदर्शक साचे, बाजूला बारीक स्क्रू. खालचा जबडा जरा पुढे धरला की जिभेमागची वाट मोकळी राहते. सुरुवातीला लाळ सुटणार, सकाळी जबडा आखडणार. आणि घोरणं थांबलं म्हणजे अ‍ॅप्निया गेला असं नाही, स्लीप स्टडी पुन्हा करायचीच. ऑनलाइन स्वस्तातलं मागवायचा ह्यांचा बेत होता. डॉक्टरांनी नुसतं बघितलं, बेत रद्द!