बार्शीची गाडी निघेपर्यंत

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली, तर शेजारच्या गावांच्या अग्निशमन गाड्या पहिल्याच फोनवर मागवा. अक्कलकोट साधारण 40 किलोमीटर, पंढरपूर आणि बार्शी 70 च्या आसपास. भरलेल्या गाडीला तिथून यायला सव्वा तास सहज लागतो. "आधी बघू, मग बोलावू" यातच छप्पर खाली येतं.

आलेली गाडी थेट गेटात घालू नका. 4,500 लिटरची टाकी मिनिटाला 450 लिटरने दहा मिनिटांत रिकामी होते, त्यामुळे टँकरच्या ये-जा करण्याला रस्ता मोकळाच हवा. बाहेर थांबवा, एकेक आत घ्या.

खरी अडचण कपलिंगची, म्हणजे पाण्याचे पाइप (होज) जोडण्याच्या तोंडांची. अग्निशमनच्या गाड्यांचे 63 मिलिमीटरचे होज सहसा एकमेकांना जुळतात, पण खाजगी टँकरच्या आट्यांवर ते बसत नाहीत. अ‍ॅडॉप्टर गाडीतच ठेवा, रबरी वॉशरही. वॉशर वाळून तडकला की जोडातून पाणी उडतं, नोझलला दाब राहत नाही.

सुताची गासडी वरून विझलेली दिसते, आत मात्र धुमसत असते. जेसीबीने फोडून भिजवावी लागते, त्यात रात्र जाते. म्हणून पाहुण्या गाड्या लवकर परत पाठवू नका. त्यांच्या जवानांना पाळ्या लावा. जेवण, पाणी, डिझेल बोलावणाऱ्या गावाने बघायचं.