साऊथ सुदानला नाशिकची लस चालत नाही

आतेभाऊ फौजेत आहे, पुढच्या महिन्यात यूएनच्या ड्युटीवर साऊथ सुदानला चाललाय. बॅगा भरणं सुरू आणि दिंडोरीच्या आत्याचा एकच धोशा, सापाची दोन इंजेक्शनं इथून घेऊन जा. तिचंही काय चुकलं म्हणा, तिच्याच द्राक्षबागेत कामाला आलेल्या बाईला घोणस चावली होती, मांडीपर्यंत सुजलेला पाय तिने बघितलाय.

आमचे दाजी आर्मीत नर्सिंग असिस्टंट होते, मलकालला भारताच्या यूएन हॉस्पिटलात ड्युटी करून आलेत, आता रिटायर होऊन देवळालीत असतात. ते हसलेच. "अहो आत्या, आपल्या लसीला तिकडचे साप माहितीच नाहीत."

म्हणजे कसं, आपली लस चारच सापांची, नाग, मण्यार, घोणस, फुरसं. त्यांचं विष घोड्याला थोडं थोडं टोचतात, घोड्याच्या रक्तात त्याचा उतारा तयार होतो, तोच बाटलीत. तिकडं पफ अ‍ॅडर, ब्लॅक मांबा, डोळ्यात विष उडवणारा नाग (त्याला आधी भरपूर पाण्याने डोळे धुवायचे). मी म्हटलं फुरसं तर आफ्रिकेतही असतं ना, तेवढ्याला तरी चालेल? तर नाही! भाऊबंद असलं तरी विष वेगळं. घानामध्ये २००४ ला आफ्रिकन लसीच्या जागी भारतातली आली, आणि शंभरात दोनाच्या आत असलेले मृत्यू बारावर गेले. मला हे ऐकून खरंच धक्का बसला.

मग दाजींनी एक केस सांगितली. रात्रीच्या गार्डवरचा जवान, साप दिसलाच नाही, पिंढरीला बुटाची लेस करकचून आवळलेली (असलं काही बांधायचं नसतं, हाड मोडल्यासारखा पाय फळीला बांधून स्थिर ठेवायचा, बस). कोणता साप ते कळणार कसं? तर दोन मिली रक्त कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये घेतलं, प्लास्टिकची चालत नाही आणि साबणाने धुतलेली तर अजिबातच नाही, आणि वीस मिनिटं ट्यूबला हात न लावता नुसतं घड्याळ बघत बसले. मग ट्यूब तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. म्हणजे विष रक्तावर जाणारं. अ‍ॅड्रेनलिन भरून बाजूला ठेवलं, कारण घोड्याच्या सीरमची रिअ‍ॅक्शन येऊ शकते, आणि आफ्रिकन लस सुरू केली. सहा तासांनी परत तीच टेस्ट, टॉर्च दाजींच्या हातात. ट्यूब उलटी केली तरी गोठलेल्या रक्ताचा गोळा तळालाच चिकटलेला, म्हणजे लस लागू पडली.

"मग पोराने न्यायचं तरी काय?" आत्या.

"टॉर्च न्या. मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपायचं, आणि बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, विंचू असतात."

आत्याने तीन टॉर्च घेतलेत. बॅगेचं वजन आधीच जास्त होतंय आणि चिवड्याचा डबा काढायला ती तयार नाहीये.