तुम्ही विचारलंत म्हणून: रानडुकरं सरसकट मारून का नाही टाकत?

मी पशुवैद्यक आहे आणि डुकरांचे साथीचे रोग हा माझा विषय. हे कळलं की समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो आणि मग ठरलेला प्रश्न येतो. "रोग रानडुकरांमुळेच पसरतो ना? मग ती सगळी मारून का नाही टाकत? एकदाचा विषय संपेल." विचारणाऱ्यांत डुकरं पाळणारे असतात, पिकाची नासाडी सोसलेले शेतकरी असतात आणि रानडुक्कर फक्त चित्रात पाहिलेलेही पुष्कळ असतात. सगळ्यांना माझं उत्तर एकच: मारतात, पण सगळ्यात शेवटी. आधीच बंदुका काढल्या तर रोग आटोक्यात यायच्या ऐवजी चार दिशांना जातो.

सध्या जगभर धास्ती आहे ती आफ्रिकन स्वाइन फिव्हरची. माणसाला तो होत नाही आणि स्वाइन फ्लूशी त्याचा काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. डुकराला मात्र तो सोडत नाही. जोरदार ताप, खाणं बंद, कान आणि पोट लालनिळं, आणि आठ-दहा दिवसांत खेळ खलास. लागण झालेली बहुतेक सगळी जनावरं दगावतात. 1921 मध्ये केनियात या रोगाची पहिली शास्त्रीय नोंद झाली. तिथले वॉर्टहॉग म्हणजे तिकडची रानडुकरं हा विषाणू अंगात बाळगून मजेत जगतात आणि त्यांच्या बिळांतल्या गोचिडी तो एकातून दुसऱ्यात पोचवतात. मेली ती बाहेरून आणलेली पाळीव डुकरं. युरोप-आशियातलं रानडुक्कर हे पाळीव डुकराचंच रानातलं भावंड, दोघांची जात एकच. त्यामुळे आफ्रिकेबाहेर हा विषाणू दोघांनाही सारखाच मारतो. म्हणजे ज्याला आपण गुन्हेगार ठरवून मोकळे होतो, तो खरं तर रुग्ण आहे. बोर्निओत 2021 मध्ये दाढीवाली रानडुकरं या रोगाने मोठ्या संख्येने मेली. आसाममधल्या पिग्मी हॉग या चिमुकल्या रानडुकराची तर जगात फार थोडी संख्या उरली आहे. 2020 मध्ये रोग तिथल्या पाळीव डुकरांत आला तेव्हापासून त्यांना जपणाऱ्यांच्या जिवाला घोर लागलेला आहे.

आता पसरण्याबद्दल. नुसता रानडुकरांच्या भरवशावर सोडला तर हा रोग महिन्याला साधारण एक-दोन किलोमीटर सरकतो. मग 2007 मध्ये तो आफ्रिकेतून थेट काळ्या समुद्राकाठी, जॉर्जियातल्या पोती बंदराच्या आसपास कसा उगवला? जहाजावरचं खरकटं तिथल्या डुकरांच्या तोंडी लागलं, असंच बहुतेक तज्ज्ञ मानतात. सप्टेंबर 2018 मध्ये बेल्जियममधल्या एताल गावाजवळ तो रानडुकरांत सापडला, तेव्हा सर्वांत जवळची लागण शेकडो किलोमीटर दूर होती आणि मधल्या पट्ट्यात काहीच नव्हतं. एवढं अंतर डुक्कर चालून गेलेलं नाही. कुणाच्या तरी डब्यातला सॉसेजचा तुकडा, ट्रकची चाकं, शिकाऱ्याचे बूट, असंच काहीतरी. हा विषाणू गोठवलेल्या मांसात वर्षानुवर्षं टिकतो आणि खारवलेल्या, वाळवलेल्या मांसात महिनोन् महिने. नीट शिजवलं की मरतो, पण रस्त्याकडेला फेकलेला तुकडा कोण शिजवत बसतंय!

तर, बंदुका. रानडुकरांचा कळप माद्या आणि पिल्लांचा असतो आणि त्याचा आपला ठरलेला इलाखा असतो. हाका घातला, कुत्री सोडली, की कळप फुटतो. अंगात विषाणू असलेलं पण अजून धडधाकट दिसणारं जनावर एका रात्रीत पार पलीकडच्या खोऱ्यात जाऊन पोचतं. म्हणजे महिनाभराची चाल आपण रात्रीत करून दिली. शिवाय गणितही आपल्या बाजूचं नाही. एका मादीला एका वेतात चार-सहा पिल्लं होतात. संख्या खरोखर खाली आणायची तर वर्षाला जवळपास दोन तृतीयांश जनावरं मारावी लागतात, आणि नेहमीची हौशी शिकार त्याच्या आसपासही जात नाही. वर मारलेलं जनावर जागेवर फाडलं की रक्त मातीत. या रोगात रक्ताचा एक थेंबसुद्धा विषाणूने भरलेला असतो.

बंदुकीआधी काय करायचं, ते झेक प्रजासत्ताकातल्या झ्लीनने दाखवून दिलं. (हो, बाटा कंपनी जन्मली तेच झ्लीन.) जून 2017 मध्ये तिथे मेलेल्या रानडुकरांत हा रोग सापडला. त्यांनी पहिलं काम केलं ते शिकार बंद करण्याचं. लोक चक्रावले. रोग आलाय आणि तुम्ही डुकरांना अभय देताय? पण हिशोब सरळ होता: जनावरांना हलू द्यायचं नाही. गाभ्यातल्या भागाभोवती विजेचं कुंपण आलं आणि वासाचं कुंपणही. वासाचं कुंपण म्हणजे माणूस, लांडगा, अस्वल यांच्या वासाचा फेस झाडांवर, खुंटांवर लावत जायचा. आतल्या काही शेतांतलं पीक मुद्दाम उभं ठेवलं, म्हणजे खायला आणि दडायला जागा आहे, बाहेर पडायचं कारण नाही. मेलेलं जनावर शोधून कळवणाऱ्याला बक्षीस दिलं. रोगाने आतली बरीचशी डुकरं आपणहून संपवली, तेव्हा कुठे प्रशिक्षित शिकारी आत सोडले आणि मग पोलिसांचे नेमबाज. दोनशेहून जास्त बाधित रानडुकरं सापडली, त्यांतली बहुतेक मेलेलीच. एप्रिल 2018 नंतर त्या भागात नवीन काही सापडलं नाही. मुख्य म्हणजे एकाही पाळीव डुकरापर्यंत रोग पोचला नाही. स्वीडनने फागेर्स्ताजवळ 2023 च्या सप्टेंबरात हाच मार्ग धरला. ऐन अळंबीच्या मोसमात लोकांना जंगलबंदी केली, आणि तीही जिथे रानात मोकळेपणी हिंडणं हा प्रत्येकाचा हक्क समजतात अशा देशात. वर्षभरात देश पुन्हा रोगमुक्त जाहीर झाला.

या सगळ्यात ज्याला कुणी काम म्हणत नाही ते खरं काम म्हणजे मढी शोधणं. माझ्या मते निम्मी लढाई इथेच असते. माणसं काही पावलांचं अंतर ठेवून एका रांगेत रान विंचरत जातात. तापाने फणफणलेलं जनावर गारवा शोधतं, म्हणून आम्ही आधी ओढ्याच्या काठी, दलदलीत, दाट कोवळ्या झाडीत जातो. वास बहुतेकदा नजरेच्या आधी सांगतो. ताजं असेल तर रक्तात भिजवलेला बोळा किंवा पानथरीचा, म्हणजे प्लीहेचा, तुकडा घ्यायचा. या रोगातली पानथरी एकदा पाहिली की विसरत नाही: कितीतरी पट फुगलेली, काळीजांभळी, बोटाने दाबली तर विरघळेल अशी. नुसता सांगाडा उरला असेल तर मांडीचं लांब हाड घ्यायचं, त्याच्या आतल्या मज्जेतून निदान होतं. मग मढं दुहेरी पिशवीत भरायचं, घसरगाडीवरून ओढत न्यायचं, खालच्या मातीवर चुना किंवा जंतुनाशक टाकायचं. मातीचं एवढं कौतुक कशाला, तर जर्मनीत अशा मढ्यांजवळ कॅमेरे लावून पाहिलं तेव्हा दिसलं की जिवंत रानडुकरं मेलेल्याला फारसं खात नाहीत, पण त्याच्याजवळची आणि खालची माती हुंगतात, उकरतात, आणि हे मढं पार सुकून गेल्यावरही चालू राहतं.

गोठ्यातला प्रश्न वेगळा आहे. शेकडो डुकरांच्या गोठ्यात हा रोग धाडकन पसरत नाही. आधी एखादं मरतं, दोन दिवसांनी आणखी एक. मालकाला वाटतं उन्हाने मेलं, छातीत कफ झाला. तो प्रतिजैविक टोचत सुटतो, आणि एकाच सुईने दहा जनावरांना टोचलं तर रोग हाताने वाटला असं समजायचं. म्हणून पहिल्या मेलेल्या डुकराची तपासणी ही शंभर निरोगी डुकरांच्या तपासणीपेक्षा मोलाची. बुटांचंही तसंच. दारात जंतुनाशकाची परात ठेवलेली असते, तिच्यात शेणामातीने लडबडलेला बूट बुचकळला की कर्तव्य झालं. घाण तशीच असेल तर जंतुनाशक तिथेच निकामी होतं. आधी ब्रशने तळव्याच्या खाचा घासायच्या, मग बुडवायचं, आणि औषधाला त्याचा वेळ द्यायचा. त्याहून सोपं म्हणजे दारात आडवा बाक टाकायचा, बाहेरचे बूट बाकाच्या अलीकडे, आतले पलीकडे. खरकटं खायला घालणं तर बंदच हवं. 2001 मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताच्या त्या महाभयंकर साथीचा माग असाच खरकट्यावर वाढणाऱ्या डुकरांच्या एका गोठ्यापर्यंत गेला होता.

पण हे सगळं सांगून झाल्यावर मालक मला विचारतो, "कळवलं तर माझी सगळी डुकरं मारणार. पैसे कधी मिळणार?" ज्या ठिकाणी याचं उत्तर "बघू" असं असतं, तिथे आजारी डुकरं रातोरात विकली जातात आणि साथ पुढच्या बाजारात पोचते. वेळेत मिळणारी नुकसानभरपाई ही मी दया समजत नाही, ते रोगनियंत्रणाचं हत्यार आहे. कागदावरच्या योजनांत तिचा नंबर नेहमी शेवटून दुसरा का असतो, हे कोडं मला सुटलेलं नाही. इटलीच्या सार्डिनिया बेटावर हा रोग 1978 पासून ठाण मांडून होता. तिथेही रानडुकरांवर खापर फुटायचं, पण गुंता होता तो डोंगरात मोकाट सोडलेल्या, नोंद नसलेल्या पाळीव डुकरांत. ती हटवायला गावांची समजूत काढावी लागली, विरोध अंगावर घ्यावा लागला. 2024 मध्ये बेट सुटलं.

लसीचं काय, हेही विचारतात. आफ्रिकन नसलेल्या, साध्या स्वाइन फिव्हरवर (तो वेगळ्याच विषाणूचा रोग) लस आहे, आणि रानडुकरांनाही ती देता येते. मक्याच्या पिठाच्या आमिषात द्रवरूप लसीची पुडी दडवून रानात पुरतात. डुक्कर चावतं, पुडी फुटते, काम होतं. फक्त अगदी लहान पिल्लं ते आमिष खात नाहीत, म्हणून फेऱ्या परत परत कराव्या लागतात. जर्मनीने या मार्गाने रानडुकरांतला तो रोग संपवला. जपानमध्ये तो 26 वर्षांनी, 2018 मध्ये गिफू प्रांतात परतला, तेव्हा त्यांनीही हीच आमिषं मागवली. आफ्रिकन तापाच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा लागतो. व्हिएतनामने 2022 पासून पाळीव डुकरांसाठी जिवंत, दुबळ्या केलेल्या विषाणूच्या लसी वापरात आणल्या आहेत, पण दुबळा विषाणू पुन्हा जबर होईल का, ही भीती गेलेली नाही. पोर्तुगालने 1960 च्या दशकात अशीच एक लस घाईने टोचली आणि रेंगाळणाऱ्या रोगाची डुकरं पदरात घेतली. रानात ज्यावर आपला ताबा राहत नाही, तिथे असलं काही सोडायला मी तरी तयार नाही.

आणि बंदूक? तीही लागते, फक्त जागा आणि वेळ निवडून. बेल्जियमच्या हद्दीला लागून फ्रान्सने कुंपण घातलं आणि त्यामागच्या पट्ट्यातली रानडुकरं, रोग तिथे पोचण्याआधीच, जवळजवळ सगळी काढून टाकली. त्या साथीत रोग फ्रान्समध्ये शिरला नाही. म्हणजे "सगळी मारा" हे उत्तर एका अरुंद, कुंपणबंद, अजून निरोगी पट्ट्यापुरतं बरोबर आहे. पण हे ठिणगी एकाच जागी पडली तेव्हाचं. पोलंड आणि बाल्टिक देशांत 2014 पासून रोग लांबच लांब आघाडीवर पसरलेला आहे. खुद्द झेक प्रजासत्ताकात तो डिसेंबर 2022 मध्ये पोलंडच्या सीमेकडून पुन्हा आला. अशा ठिकाणी रान साफ करण्याच्या गोष्टी मी करत नाही. तिथे मढी उचलत राहायची, गोठ्यांची कुंपणं दुहेरी करायची आणि पहिलं मेलेलं डुक्कर प्रयोगशाळेत पोचेल याची व्यवस्था लावायची.