हे ऐकतं कोण?

“सर, पण हे ऐकतं कोण?” बूम (लांब दांडीवरचा माइक) धरून हात भरून आलेल्या पोरीनं विचारलं.

कोल्हापुरात रंकाळ्यावर सीन ओके झाला होता. आता अर्धा मिनिट गप्प राहून त्या जागेचा नुसता आवाज घ्यायचा होता. एडिटला तोच शॉटखाली सलग पसरतात, नाहीतर प्रत्येक कटला आवाज तुटतो. बाहेरगावची कॉलेजची पोरं, लगेच मोबाइल निघाले.

भेळवाल्या मामांनी मात्र न सांगता पातेल्यातला चमचा थांबवला. “घ्या घ्या, शूटिंग हाय, कळतंय.”

बाबूराव पेंटरांनी शंभरेक वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा बनवला, तो याच गावात. जमाना मूकपटांचा, त्यामुळं तेव्हा ही भानगड त्यांना नव्हती (सुटले!).

पुढच्या खेपेला पोरांना आधी तासभर नुसतं ऐकायला बसवावं म्हणतो. टिकतील का ओ?