आमची वाटचाल : दुसऱ्यांनी रंगवलेल्या गाड्या

आमचं शेड कोल्हापुरात, उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत. पाटी पेंटिंगची आहे, पण आत उभ्या असलेल्या गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त दुसऱ्याच कुणीतरी रंगवलेल्या असतात. रंग ताजा, बिल भागवलेलं आणि मालक वैतागलेला. गाडी उन्हात काढली की बॉनेटवर कचरा दिसतो, दारावर ओघळ, बाजूला संत्र्याच्या सालीसारखा दाणा.

दुसऱ्यांच्या रंगातले असे दोष घासून काढायचा हा धंदा आम्ही ठरवून धरला नाही. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, काम सुरू केलं ते ड्युको रंगाच्या काळात. ॲम्बॅसिडर, जीप, नंतर मारुती ८००. त्या रंगाला हार्डनर (रंग कडक करणारं रसायन) नसायचा. थिनर उडालं की रंग वाळला. पावसाळी हवेत तो पांढुरका पडायचा, आणि स्प्रे गनमधून कधीच चमकत निघायचा नाही. चमक काढायची ती वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पेपर) आणि रबिंगने, हातानं. त्यामुळे घिसाई अण्णांच्या बोटांत बसलेली.

मग हार्डनरचे रंग आले. बेस कोट, म्हणजे रंगाचा थर, मारायचा, वर लॅकर, म्हणजे पारदर्शक थर, आणि गाडी गनखालूनच चकाकत बाहेर. नव्या पेंटरांनी घासायचं सोडलं, त्यात त्यांची चूक नाही; वेळ वाचत होता. पण लॅकर ओलं असताना जे वर बसतं, ते तसंच आत राहतं. आमच्याकडे गळिताचा हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या धुराड्यातली काळी राख हवेत असते. रंगकामाचा बंद बूथ नसलेल्या शेडमध्ये पांढरी गाडी रंगवायची म्हणजे राखेला आमंत्रणच. फरशीवर पाणी मारलं, पॅनेल टॅक क्लॉथने (धूळ उचलणाऱ्या चिकट कापडाने) पुसलं, तरी चार कण येतातच.

पहिली असली गाडी एका ओळखीच्या गॅरेजवाल्याने आणली. काळी सेडान, मागच्या फेंडरवर बोटभर लांब ओघळ, आणि दसऱ्याची डिलिव्हरी. "अण्णा, परत रंगवायला वेळ न्हाई, काय तर करा की." अण्णांनी आधी नखाने दाबून बघितलं. ओघळात लॅकर जाड, त्यामुळे आतून ते उशिरा सुकतं. मऊ असताना पेपर लावला तर रबरासारखं फाटतं. गाडी दोन दिवस उन्हात ठेवली. मग ओघळाच्या दोन्ही बाजूंना टेप लावून फक्त उंचवटा ब्लेडने खरवडला, टेप काढली आणि लहान कडक ब्लॉकवर १५०० चा पेपर, साबणाच्या पाण्यात. दर थोड्या वेळाने रबरी वायपरने पाणी ओढून बघायचं : घासलेली जागा मॅट दिसते, खड्डे चमकत राहतात. चमकणारे ठिपके संपत आले की हात थांबवायचा. पुढे आणखी बारीक २०००, ३०००, मग मशिनवर लोकरी पॅडने कंपाउंड (घासायची पेस्ट), शेवटी फोमने पॉलिश. बोटाने घासलं असतं तर बोटाच्या रुंदीच्या नाल्या पडल्या असत्या. तो गॅरेजवाला पुढे आणखी गाड्या पाठवू लागला, त्याचं बघून बाकीचे.

कामं वाढल्यावर मी जाडी मोजायचं मशिन घेतलं. अण्णांना ते खेळणं वाटलं, आणि एका बाबतीत त्यांचं खरंच होतं. कंपनीच्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, त्यात लॅकर ४०-५०. मशिन दाखवतं ते एकूण. पुन्हा रंगवलेल्या पॅनेलवर ४०० आकडा आला तर लॅकर जाड आहे असं नव्हे, खाली जुन्या रंगाचे थर किंवा लांबी (पुट्टी) असू शकते. शिवाय आमचं मशिन लोखंडी पत्र्यावरच चालतं; प्लास्टिकच्या बंपरवर काहीच सांगत नाही. म्हणून आजही पेंटरला फोन करून विचारतो, लॅकरचे हात किती मारलेत? कडांवर आणि पॅनेलच्या रेषांवर लॅकर सगळ्यांत पातळ, तिथे टेप लावल्याशिवाय पॉलिशचं मशिन फिरवत नाही.

काही दोष घासून जातच नाहीत. सिलिकॉनमुळे पडणारे गोल खड्डे थेट बेसपर्यंत गेलेले असतात. रंगवताना शेजारी कुणी टायरला चमकीचा, सिलिकॉनचा स्प्रे मारला तरी पुरतं. अशी गाडी आम्ही परत त्याच पेंटरकडे पाठवतो. तेलकट पॉलिश भरून ओरखडे लपवणारेही आहेत. दोन धुण्यांत सगळं पुन्हा वर येतं आणि भांडण आपल्या दारात येतं.

आमचा एक नियम मात्र पक्का. गिऱ्हाईकासमोर आधीच्या पेंटरला नावं ठेवायची नाहीत. निम्मी कामं तेच पाठवतात, हा व्यवहाराचा भाग झालाच. पण उघड्या शेडमध्ये, लाइट जात-येत असताना पूर्ण गाडी रंगवणं काय असतं हे आम्हाला माहीत आहे. गिऱ्हाईकाला एवढंच सांगतो की महिना-दीड महिना वॅक्स लावू नका, लॅकरमधलं थिनर अजून बाहेर पडतंय.

पोरं मशिन शिकायला उत्सुक असतात, ब्लॉक धरायला नाही. त्यामुळे नव्या पोराला आधी भंगारातल्या बॉनेटवर पेपर घासायला बसवतो. कंटाळून पळाला तर तिथेच पळतो, गिऱ्हाईकाच्या गाडीवर नाही.

हल्ली मॅट रंगाच्या गाड्या येतात. मॅट काळी गाडी, बंपरवर कचऱ्याचे दोन दाणे, ते काढून द्या म्हणतात. मॅट लॅकर घासलं की तेवढाच भाग चमकायला लागतो. तो बंपर अख्खा पुन्हा रंगवणं एवढाच उपाय. हे सांगितल्यावर बहुतेक मालक दाणे तसेच ठेवून गाडी घरी नेतात.