आजीचं फुटकं कौल

दुपारी डोळा लागायच्या बेतात होता, तेवढ्यात पडद्याच्या फटीतून एक कवडसा आला आणि थेट पोटावर बसला. झोप गेली ती गेलीच.

आजीच्या स्वयंपाकघरात एक कौल फुटकं होतं. दर पावसाळ्याआधी ते बदलायचं ठरे आणि राहून जाई. त्यातून पडलेला कवडसा सरकत जात्यापाशी पोचला की आजी चहाचं आधण ठेवायची, म्हणून कौल बदलायला तिचीच तयारी नसावी. आम्ही पोरं तो मुठीत धरायचो. मूठ मिटली की लबाड बोटांवर येऊन बसायचा.

असाच कवडसा टॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञानं १८०३ साली धरला. खिडकीच्या झडपेला भोक, त्यावर सुईनं टोचलेला जाड कागद, आणि आत आलेल्या किरणात आडवी धरलेली कार्डाची पट्टी, इंचाच्या तिसाव्या भागाएवढी. पट्टीच्या सावलीतच उजेडाचे पट्टे दिसले, मधोमध पांढरा. एका बाजूचा उजेड अडवला की सावलीतले पट्टे गायब! म्हणजे दोन्हीकडून आलेल्या लाटा एकमेकींत मिसळत होत्या. प्रकाश म्हणजे लाट, संपला विषय.

तो संपला नाही. १९०५ साली आइन्स्टाईन म्हणाला, प्रकाश सुट्या पुड्यांनी येतो, कणांसारखा. मिलिकन या अमेरिकन शास्त्रज्ञाला हे मुळीच पटेना. त्यानं वर्षानुवर्षं धातूंवर उजेड पाडून मोजमापं केली आणि १९१६ साली आइन्स्टाईनचंच समीकरण बरोबर ठरवून बसला. मला हा माणूस फार आवडतो.

त्याआधी १९०९ साली केंब्रिजच्या जी. आय. टेलरनं, पुड्या जवळजवळ एकेकट्या आल्या तरी पट्टे पडतात का ते बघायला, गॅसच्या ज्योतीपुढे काजळी धरलेल्या काचा लावून उजेड इतका मंद केला, की मैलभरावरच्या मेणबत्तीएवढा उरला. त्यात सुईच्या सावलीचा फोटो घ्यायला सुमारे तीन महिने लागले. तेवढ्यात स्वारी म्हणे शिडाच्या होडीतून फिरून आली. पट्टे मात्र तस्से, जराही पुसट नाहीत.

प्रकाशाचा खरा एकेक कण, म्हणजे एकेकच पुडी, सोडायला १९८६ उजाडलं. पॅरिसजवळ ग्रांजिए, रोजे आणि आस्पे यांनी तो अर्धपारदर्शक आरशावर सोडला. शोधायला गेलं तर तो या वाटेवर सापडे नाहीतर त्या वाटेवर. दोन्ही वाटा पुन्हा एकत्र आणल्या, की पट्टे हजर.

आजी चिखलाची पावलं बघून विचारायची, "पुढच्या दारानं आलास का मागच्या?" दोन्हींनी, असं म्हटलं असतं तर पाठीत धपाटा बसला असता.

म्हटलं, आपणही बघावं. नातवाचा लेझर उचलला. माझे केस मोजकेच, म्हणून हिच्या कंगव्यातला एक घेतला आणि लाल किरणात धरला. समोरच्या भिंतीवर ठिपक्यांची ओळ उमटली, मध्ये काळ्या फटी. मी श्वास रोखून बघत राहिलो.

ही दारात उभी होती.

"दिसली ना?"

"दिसली! अगं, ही बघ..."

"मग काढा ती जळमटं. दिवाळीपासून सांगतेय."