सायप्रिनस चारा खातो पण गळाला लागत नाही? माझा अनुभव

सांगलीत हरिपूरच्या संगमाजवळ आम्ही काही जण गळ टाकून बसतो. काठी-रीळ, तंगूस, जागा, यात काही अडलं नाही. शेंगपेंड आणि कोंडा कालवून टाकला की मासे येतात हे पण लगेच कळलं, तळातून बुडबुड्यांची रांग वर यायला लागली की समजायचं सायप्रिनस (म्हणजे कॉमन कार्प) चिखल उकरतोय. अडलं पुढं.

फ्लोट (तंगूसला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा तुकडा) थरथरायचा, जरा हलायचा, परत गप्प. काठी उचलावी तर गळ साफ, कणिक गायब. परत लावा, परत तेच. दुकानात विचारलं की दरवेळी एकच उत्तर, वास बदला. व्हॅनिला इसेन्स घ्या, बडीशेप घाला, हे पाकीट नवीन आलंय ते न्या. मला याचा राग अजून आहे, कारण वासाचा प्रश्नच नव्हता, मासा येत होता, तोंड लावत होता, मग वास बदलून काय होणार? पण फ्लोट कसा हलतो हे एकानंही विचारलं नाही.

घाटावर जाळं सुकवत बसलेल्या भोई मामांनी मात्र नुसतं बघून सांगितलं, "आरं ते खात न्हाई रं, चाकतंय. तोंडात घेतंय आन् थुकतंय."

सगळी गोम यातच आहे. सायप्रिनसच्या जबड्यात दात नसतात. तोंड पुढं काढून तो चारा चिखलासकट ओढून घेतो, टाळूवरच्या मांसल गादीनं खायचं तेवढं वेगळं करतो आणि बाकीचं बाहेर फुंकतो. दात असतात घशात, दाणा तिथं गेल्यावर चिरडला जातो. म्हणजे आपला गळ आत जाऊन बाहेर पण येतो आणि वर आपल्याला फक्त थरथर दिसते. त्यात गळाचं टोक कणकेत बुडालेलं असेल तर ते रुतणार कुठं?

यावर इंग्लंडमधल्या लोकांनी 1980 च्या सुमारास हेअर रिग काढला. चारा गळाला टोचायचाच नाही, गळाच्या मागं बारीक दोऱ्यावर ओवायचा, गळ उघडा ठेवायचा. सुरवातीला खरंच माणसाचा केस वापरायचे म्हणून हेअर. मासा दाणा ओढतो, मागोमाग गळ आत जातो, आणि फुंकताना टोक बहुतेक खालच्या ओठात धरतं. शिसं जरा जड लावा, मासा दचकून पळाला की त्या वजनानंच गळ पक्का बसतो. पहिल्यांदा रीळ किरकिरत सुटलं तेव्हा माझे हात थरथरत होते, खरंच सांगतो.

कणिक सोडा, ती चिलापी (तिलापिया मासा) संपवते. मका लावा, पण रात्रभर भिजवून उकडलेला, कच्चा अजिबात नको. आणि बादलीभर चारा ओतू नका, या माशाला पोटाची पिशवीच नसते, तो थोडं थोडं सारखं खातो, म्हणून मूठ मूठ टाकत राहा.

हो, आणि कृष्णेत मगरी आहेत, भिलवडी-औदुंबरपासून इकडं सांगलीपर्यंत, त्यामुळं पाण्यात उतरून उभं राहायचं नाही, मासा कितीही मोठा असू दे. मळईवर (नदीकाठच्या गाळाच्या जमिनीवर) संध्याकाळी एकटं तर बसूच नका.

कटल्यासाठी हे चालत नाही, त्याचं तोंडच वर वळलेलं, तो वरच्या पाण्यात खातो. रोहू मधल्या पाण्यात, मृगळ मात्र तळाला, त्यामुळं मक्याला कधीकधी मृगळ पण येतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे थंडीत कुडकुडत जाऊ नका, पाणी गार असलं की यांचं खाणं मंदावतं, दुपारी ऊन तापल्यावर जा. पावसाळ्याच्या सुरवातीला विणीचा काळ असतो, तेव्हा गळ घरीच ठेवा.

दोरा फार लांब ठेवू नका, गळाच्या वाकाच्या खाली दाणा जेमतेम मोकळा लोंबला पाहिजे, जास्त लांब झाला तर मासा नुसता दाणा घेऊन जातो आणि परत तीच थरथर.